धापेवाड्याची चंद्रभागा आणि डोळ्यांवरची पेटी

नागपूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, कळमेश्वर तालुक्यात धापेवाडा नावाचे गाव आहे. गावाला लागून वाहणाऱ्या नदीचे नाव चंद्रभागा, काठावर विठ्ठलाचे देऊळ, आणि लोकांच्या तोंडी त्याची ओळख विदर्भाचे पंढरपूर अशी. कोलबास्वामींना दृष्टांत झाला आणि विहिरीतून मूर्ती निघाली, अशी तिथली श्रद्धा आहे. आजच्या माणसाला यात नवल वाटत नाही. प्रतिपंढरपुरे महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. पण नकाशा समोर घेतला की या नावामागची गरज दिसू लागते. नागपूर ते पंढरपूर हे अंतर सहाशे किलोमीटरांहून जास्त. नागपूरला आगगाडी आली 1867 साली, आणि खुद्द पंढरपुरात बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली ती 1906 साली. त्याआधी इकडच्या माणसाला पंढरीची वाट पायी किंवा बैलगाडीने तुडवावी लागे; जाऊन येण्यात महिने जात. तरुणाला ते जमे. ज्याचे गुडघे गेले, ज्याला रात्री दिसेनासे झाले, ज्याला घरातून परसापर्यंत जायला भिंतीचा आधार लागतो, त्याने काय करायचे? त्याच्यासाठी नदीच जवळ आणली गेली. आधीच वाहणाऱ्या ओढ्याला किंवा नदीला लांबच्या नदीचे नाव द्यायचे आणि त्या नावाच्या जोरावर तिथे स्नान करायचे, हा तोडगा फार जुना. थकलेल्या भक्तासाठी देव स्वतः त्याच्या गावी येतो, ही कथा तर विठोबाचीच काय, खंडोबाची आणि देवीचीही सांगितली जाते. विदर्भाने अष्टविनायकही आपले वेगळे मांडून घेतले: नागपूरचा टेकडी गणपती, अदासा, रामटेकचा अठरा हातांचा, केळझर, कळंबचा चिंतामणी अशी ती माळ आहे. पुण्याकडचे आठ गणपती गाठणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी आठाचा आकडा कायम ठेवला आणि गावे बदलली.

आज वृद्धांसाठी आभासी वास्तवाचे खेळ, म्हणजे व्हीआर, हा विषय चर्चेत आहे तेव्हा त्याची वंशावळ सांगणारे लोक सहसा वेगळीकडून सुरुवात करतात. इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टनने 1838 मध्ये स्टिरिओस्कोपचे तत्त्व मांडले, मॉर्टन हायलिगला 1962 मध्ये सेन्सोरामाचे पेटंट मिळाले, आयव्हन सदरलंडने 1968 मध्ये डोक्यावर चढवायचे, पण इतके जड की छतालाच लटकवावे लागलेले यंत्र बनवले, 2012 मध्ये ऑक्युलस आले, 2014 मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला. ही वंशावळ खरी आहे, पण ती डोळ्यांची आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रे दाखवली की मेंदू खोली कशी उभी करतो, एवढेच ती सांगते. म्हाताऱ्या माणसाने हे यंत्र का लावावे, लावल्यावर पुन्हा का लावावे, याचे उत्तर तिच्यात नाही. ते उत्तर मला धापेवाड्यात आणि मोक्षपटाच्या, म्हणजे जुन्या सापशिडीच्या, कापडावर जास्त दिसते. बसल्या जागेवरून दूर जाण्याची कला आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आली आणि तिचे गिऱ्हाईक बहुतेक वेळा चालू न शकणारा माणूस होता. त्या कलेच्या अटी काय होत्या हे पाहिले, तर आजचे कोणते खेळ टिकतील याचा अंदाज बांधता येतो.    

आधी डोळ्यांची वंशावळ नागपुरात काय करून गेली ते पाहू. रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचा चीफ कमिशनर असताना 1863 मध्ये नागपूरला मध्यवर्ती संग्रहालय उघडले. लोकांनी त्याचे नाव ठेवले अजब बंगला, आणि तेच टिकले. पेंढा भरलेली जनावरे, शिलालेख, शस्त्रे, आदिवासींच्या वस्तू असा सगळा मुलूख एका छपराखाली आणलेला. खेड्यातून आलेला माणूस तिथे तासाभरात जे पाही ते त्याला आयुष्यभर हिंडून दिसले नसते. त्याच्याही पुढची पायरी स्टिरिओस्कोपची. अमेरिकेतल्या अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीने 1907 मध्ये जेम्स रिकल्टनने टिपलेल्या शंभर दृश्यांचा हिंदुस्थानचा संच विकायला काढला. सोबत पुस्तक आणि नकाशे होते. नकाशावर तुम्ही कुठे उभे आहात आणि कुठल्या दिशेला तोंड करून पाहत आहात हे खुणेने दाखवलेले असे. घरच्या खुर्चीत बसून हिंदुस्थान पाहा, असा तो सौदा होता, आणि हेडसेटच्या जाहिरातीत आज याहून निराळे काही सांगत नाहीत. आपल्या जत्रांतली बायोस्कोपची पेटी त्याच जातीची. भोकाला डोळा लावायचा, पेटीवाला हाताने चित्रे सरकवतो आणि तोंडाने दिल्ली-आग्रा सांगतो. हे सगळे लोकांना आवडले आणि हे सगळे गेले. स्टिरिओस्कोप कपाटात गेले, पेट्या जत्रेतून नाहीशा झाल्या. सिनेमाने त्यांना मारले असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1892 पासून शांभरिक खरोलिका या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ केले. त्यात ना चित्रांना खोली होती, ना खरी हालचाल. तरी ते खेळ गावोगाव चालले, कारण पडदा एक आणि पाहणारे शेकडो होते, आणि कथेला निवेदन आणि गाण्याची साथ होती. भोकाला डोळा लावणारा मात्र एकटा असतो. जे दिसले ते त्याला शेजाऱ्याला दाखवता येत नाही, फक्त सांगता येते, आणि सांगून झाले की दुसऱ्यांदा भोकाशी जाण्याचे कारण उरत नाही. पेटीवाला सारखा बोलत राही तो या उणिवेवर उपाय म्हणूनच, असे मला वाटते.

खेळांची वंशावळ निराळी चालली. विदर्भातला तिचा सर्वांत जुना आणि सर्वांत चमत्कारिक दाखला लीळाचरित्रात आहे, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटी, रिद्धपुरात म्हाइंभटांनी जुळवलेल्या आठवणींत. महानुभाव पंथाचे चक्रधर संन्यास घेण्यापूर्वी गुजरातेतल्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव होते आणि त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा ते मोठी रक्कम हरले, बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले, तिने दिले नाहीत. देणे वडिलांनी भागवले, पण हरिपाळांचे मन उडाले आणि त्यांनी रामयात्रेला, म्हणजे रामटेकला जाण्याची परवानगी मागितली. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि पुढचा इतिहास घडला. महानुभावांच्या दृष्टीने ही वैराग्याची कथा. खेळाच्या इतिहासकाराला तीत दुसरेही दिसते: फासे आणि यात्रा या दोन गोष्टी इथे एकाच प्रसंगात, एकमेकींना खेटून येतात. डावात माणूस हरतो आणि त्याचा उतारा म्हणून वाट धरतो. पुढे कधीतरी कोणी तरी फासे आणि वाट एकाच कापडावर मांडली, तो मोक्षपट.

हा पट ज्ञानेश्वरांनी बनवला असे परंपरा मानते. त्याला समकालीन पुरावा नाही. डॅनिश संशोधक याकोब श्मिट-मॅडसेन यांनी या पटांवर प्रबंध लिहिला, तोही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या पश्चिम भारतातल्या पटांबद्दल, आणि हाती असलेले बहुतेक पट त्याच काळातले आहेत. जैनांकडे 84 घरांचा, वैष्णवांकडे बहुधा 72 घरांचा, सूफींकडे शंभराच्या आसपास घरांचा. औरंगाबादच्या हरिकृष्णांनी 1871 मध्ये क्रीडाकौशल्य हा संस्कृत ग्रंथ लिहून खेळांचे नियम एकत्र केले, तेव्हा हे सारे खेळ जिवंत होते म्हणूनच त्यांना लिहून ठेवावेसे वाटले. 72 घरांचा जो पट हरीश जोहरी यांनी विसाव्या शतकात पुन्हा छापला, तो नीट पाहण्याजोगा आहे. नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी. खालून सुरुवात, एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे, नांगर वळवावा तशी. पहिल्याच ओळीत माया, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. चोपन्नावे घर भक्तीचे, तिथून शिडी थेट अडुसष्टाव्या वैकुंठाला. आणि भक्तीच्या लगत, पंचावन्नावे घर अहंकाराचे. तिथला साप खाली तिसऱ्या घरात, क्रोधात, आणून टाकतो. एका दानाचा फरक. पट बनवणाऱ्याने भक्तीशेजारी अहंकार मुद्दाम ठेवला असणार, आणि कीर्तनांना नियमाने बसणाऱ्या कुठल्याही आजोबांना त्यातली खोच कळायला क्षण लागत नसेल. याहून मजेची गोष्ट म्हणजे वैकुंठ हे शेवटचे घर नाही. ते वरच्या ओळीत बरोबर मध्ये आहे. दान जास्त पडले तर सोंगटी वैकुंठ ओलांडून पुढे जाते, अगदी टोकाच्या बहात्तराव्या घरी तमोगुणाचा साप असतो आणि तो खाली एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर, सोडतो. पुन्हा चाल. घाईने जिंकता येत नाही, शहाणपणानेही जिंकता येत नाही. कवड्या पडतील तसे जायचे आणि वाटेत आपण कुठल्या घरात बसलो आहोत ते मोठ्याने वाचायचे.

इथे एक रास्त आक्षेप येईल. मोक्षपट म्हाताऱ्यांचा खेळ होता कशावरून? तो बायका खेळत, मुले खेळत, एकादशीच्या जागरणाला सगळे घर खेळे. मान्य. तो फक्त वृद्धांसाठी बनला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्याची घडण पाहा. त्यात हाताची चपळाई लागत नाही, बुद्धिबळासारखी पुढच्या सात खेळी लक्षात ठेवण्याची ताकद लागत नाही, नजर अधू असली तरी नातू दान मोजून सांगतो. सहा वर्षांचा आणि सत्तर वर्षांचा इथे एका पातळीवर खेळतात, आणि फरक पडतो तो घरांच्या नावांनी: मुलाला मत्सर हा नुसता शब्द, आजीला त्यात एखादी नणंद दिसते. हाच खेळ इंग्लंडात गेला, 1890च्या दशकात तिथे सापशिडी म्हणून विकला जाऊ लागला, आणि हळूहळू घरांची नावे गळत गेली. उरले आकडे. आकड्यांचा पट मुलांना पुरतो. मोठ्या माणसाला त्यात वाचण्यासारखे काही राहत नाही. सापशिडी पोरखेळ झाली ती घरांची नावे पुसल्यामुळे. नियम जवळजवळ तेच राहिले. वृद्धांसाठी म्हणून आज जे व्हीआर खेळ काढले जातात, त्यांत फुगे फोडणे, फळे कापणे, रंग जुळवणे यांचाच भरणा असेल, तर ही चूक दुसऱ्यांदा होते आहे. स्मरणशक्तीला व्यायाम मिळेल, पण घराला नाव नसेल.

यंत्राकडे परत येऊ. हेडसेटचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. मान दुखणाऱ्याला ते जाणवते, चष्म्यावर बसवताना आणखी. डोळ्यांना दिसते की आपण पुढे चाललो, आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण बसूनच आहोत, आणि या भांडणातून मळमळ सुरू होते. उभे राहून खेळताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर सत्तरीनंतर ते प्रकरण साधे राहत नाही. म्हणून वृद्धांना योग्य असा खेळ म्हणजे बसून खेळायचा, दृश्य आपल्याभोवती स्थिर ठेवणारा, हवेत तरंगवत न नेणारा, डाव लहान असलेला. हे सगळे जाणकार सांगतात आणि बरोबर सांगतात. पण हे सगळे मोक्षपटाला आधीच लागू होते: बैठक, मंद गती, कधीही थांबता येणारा डाव. यंत्रवाल्यांना नव्याने कळलेली गोष्ट निराळी आहे, ती म्हणजे सोबत. अमेरिकेत 2006 नंतर निन्टेंडोच्या वी यंत्रावरचे बोलिंग वृद्धाश्रमांत एकदम लोकप्रिय झाले. त्यात चेहऱ्यावर काही नव्हते. समोर टीव्ही, हातात कांडी, बाजूला टाळ्या वाजवणारे. ज्यांना खरा जड चेंडू उचलवत नव्हता ते पुन्हा स्पर्धेत उतरले. पुढे बोस्टनच्या रेन्डिव्हरसारख्या कंपनीने वृद्धनिवासांसाठी हेडसेटच वापरले, पण सगळ्यांना एकाच वेळी एकाच जागी नेऊन, म्हणजे दहा जण गोल बसून एकच शहर पाहतात आणि एकमेकांशी बोलतात. बायोस्कोपच्या भोकाचे हळूहळू शांभरिक खरोलिकेच्या पडद्यात रूपांतर करण्याचा हा प्रयत्न आहे. धंदेवाल्यांना हा शोध नव्याने लावावा लागला, कारण त्यांनी वंशावळ डोळ्यांची धरली होती.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. म्हाताऱ्या माणसाला खरोखरच न्या ना. पेटी कशाला बांधता? महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली ती याच भावनेतून: साठीपुढच्या माणसाला एका यात्रेसाठी 30,000 रुपयांपर्यंत खर्च, आणि 75 वर्षांवरच्याला सोबती. योजना चांगली आहे. पण अर्जासोबत प्रवासाला शरीराने सक्षम असल्याचा वैद्यकीय दाखला मागितला गेला, आणि ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत तो माणूस नेमका त्या दाखल्यावर अडतो. खऱ्या यात्रेच्या पुरस्कर्त्यांनी धापेवाड्याचे काय करायचे हेही सांगावे. तिथे जाणाऱ्याला पंढरपूर वेगळे आहे हे माहीत नव्हते का? त्याला ते पक्के माहीत होते. 2020 मध्ये साथीमुळे आषाढी वारीच्या पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीच्या बसने पंढरीला गेल्या, आणि लाखो लोकांनी तो सोहळा टीव्हीवर, मोबाइलवर पाहिला. कोणी त्याला वारी म्हटले नाही, आणि न पाहता कोणी राहिलेही नाही. नक्कल कुठली, अस्सल कुठले, हे ओळखून नक्कल वापरण्यात आपला समाज मुरलेला आहे. त्याला फसवणूक समजणे हा बाहेरचा भाबडेपणा.

तरीही या तोडग्याला हद्द आहे, आणि तीही नागपुरातच दिसते. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधलेला आहे, सांचीचा भरीव तर हा आतून पोकळ, माणसे आत जाऊन बसू शकतील असा. पण सांचीला जाता येत नाही म्हणून कोणी दीक्षाभूमीला येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी जिथे धम्म स्वीकारला ती ही जमीन आहे. तिची दुसरी प्रत काढता येत नाही. दरवर्षी विजयादशमीला रात्र रात्र प्रवास करून, फुटपाथवर झोपून येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना तिथे उभे राहायचे असते. जिथे घटना घडली त्या जागेला पर्याय नसतो, जिथे देव राहतो त्या जागेला असू शकतो, असा काहीसा भेद या दोन स्थळांतून निघतो. व्हीआरवाल्यांनी कुठली ठिकाणे निवडावीत याला तो उपयोगी पडेल. काशी, उज्जैन, पंढरपूर यांची दर्शने हेडसेटमध्ये बसतात. दीक्षाभूमी बसणार नाही. फार तर एखादी आजी घरी बसून ती पुन्हा आठवेल, आणि आठवणे हे तिथे जाण्याहून निराळे काम आहे.

नागपूरच्या वृद्धासाठी खेळ बनवायचाच तर कच्चा माल हाताशी आहे. विदर्भाच्या आठ गणपतींची फेरी ही आयती आठ घरे आहेत, त्यांना नावे आहेत, प्रत्येकाची कथा आहे, आणि तिथे पूर्वी कधी तरी गेलेला माणूस अदाशाच्या टेकडीवर पोचला की वारा कुठल्या बाजूने येतो ते दुसऱ्याला सांगू शकतो. कवड्या टाकाव्यात, नातवाने मोजाव्यात, दोघांनी एका वेळी एकाच पायरीवर उभे राहावे. रामटेकला चढताना यंत्राने पाय उचलून द्यावेत, पण पायऱ्या गाळू नयेत. चढ नसलेल्या गडावर पोचल्याचे समाधान कोणाला होत नाही. तंत्र म्हणून यात आज अवघड काही राहिलेले नाही. अवघड आहे ते वेळेचे भान, आणि त्यात धापेवाडा फार नेमका आहे. तिथली मोठी यात्रा आषाढी एकादशीला भरत नाही. त्या दिवशी विठोबा पंढरपुरात असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिकडचा सोहळा आटोपला की काही दिवसांनी, पौर्णिमेच्या सुमारास, तो इकडे येतो अशी समजूत आहे, आणि मग विदर्भाच्या चंद्रभागेवर गर्दी होते.